खणाखणाची खोड

आमचे घरमालक डोळे मिटून लोकांच्या घरातली कपाटं उघडायचे. चोर नव्हते हो. रीतसर विचारून, चपला दाराबाहेर काढून, तांब्याभर पाणी पिऊन मग उघडायचे. पण ज्याच्या घरी हा प्रकार चालायचा तो माणूस आधी मालकांकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा, आणि मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. मी गावातल्या शाळेतली बाई. माझी जी काय पत होती ती मालकांनी फटफटीच्या मागच्या सीटवर बसवून तालुकाभर हिंडवली.

मी कशाला जात होते, असं कुणी विचारील. तर मालकांचं म्हणणं असं, की बैलांचा दलाल एकटा दारात उभा राहिला की लोक त्याला सरळ गोठ्याकडं नेतात. बरोबर शाळेची बाई असली की घरात घेतात, सतरंजी टाकतात. आणि त्यांना बघायचे होते ते बैल नव्हते. त्यांना घरासाठी जुनं, खणांचं लाकडी कपाट घ्यायचं होतं.

बेल्ह्याला माझी नेमणूक झाली तेव्हा मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. मालक म्हणजे बैलांचे दलाल. सगळी हयात बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलेली. उंच, सडसडीत, आवाज घोगरा आणि खांद्यावर कायम एक तांबडं उपरणं. बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा, ही त्या धंद्याची रीत. मालकांच्या अंगात ती इतकी मुरली होती की कुठल्याच गोष्टीची किंमत त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे. भाडं ठरवायची वेळ आली तेव्हा माझ्या हातावर उपरणं टाकणं शोभलं नसतं, म्हणून त्यांनी ते माझ्या वडिलांच्या हातावर टाकलं. वडील बिचारे पोस्टातले. परक्या माणसानं बोटं दाबल्याबरोबर ते घाबरून "हो हो" म्हणाले आणि सौदा पक्का झाला. भाडं नक्की किती, हे महिना संपेपर्यंत आम्हा बापलेकींना ठाऊक नव्हतं.

किराणा दुकानातही तेच. दुकानदार हौशी होता, तो आपला हात निमूट पुढं करायचा आणि साखरेचा भाव उपरण्याखाली सांगायचा. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची.

पण मी आले तेव्हा शेतात ट्रॅक्टर शिरला होता आणि बैलांचा बाजार पातळ होत चालला होता. मालकांकडं रिकामा वेळ आला. गावातल्या लोकांनी त्यावरून हिशेब लावला, की धंदा बसला म्हणून म्हाताऱ्याला कपाटाचं खूळ लागलं. मलाही आधी तसंच वाटलं.

आणि ते कपाट बघणं म्हणजे काय सांगावं. बैलासमोर उभं राहतात तसं पाय रोवून उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि एकेक खण हळूच ओढायचा. ओढून थांबायचं. मग लोटायचा. पुन्हा ओढायचा. कुणी मध्ये बोललं की हातानं गप्प करायचं. "चाल बगतोय," म्हणायचे. मग घरधन्याकडं वळून विचारायचे, "खोड काय हाय?"

घरधनी छातीवर हात ठेवून सांगायचा, "खोडबिड काय न्हाई, पावणं. अस्सल सागवान हाय. आमच्या आज्यानं करून घेतलेलं."

"खोड न्हाई? मंग आपल्या कामाचं न्हाई. राम राम." आणि मालक निघाले. मी मागच्या मागं चहाचा कप तसाच खाली ठेवून.

मढ गावाकडं एका घरी तर कमाल झाली. तिथल्या म्हातारीनं खालच्या खणात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. मालकांनी डोळे मिटून तो खण ओढला, कोंबडी खच्चून ओरडली, मालकांनी डोळे न उघडता शांतपणे तो परत लोटला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खण चांगला बोलतो, बाई. पर कोंबडी उठून गेल्यावर बोलंल का, ते सांगता येत न्हाई." मला हसावं की रडावं कळेना.

जुन्नरात जुन्या सामानाचा एक व्यापारी होता. पुण्यामुंबईच्या बंगलेवाल्यांना तेव्हा नुकताच जुन्या वस्तूंचा शौक लागलेला, आणि हा गावोगावच्या घरांतून देव्हारे, झोपाळे, समया गोळा करून त्यांना विकायचा. त्याच्याकडं एक शिसवी कपाट आलं होतं. काळंभोर, पितळेच्या कड्या, वर वेलबुट्टी. मी तर बघतच राहिले. मालक म्हणाले, "चार दिस औताला जुंपून बगतो, मंग घेतो." व्यापाऱ्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मालकांनी खरोखरच ते टेम्पोत घालून बेल्ह्याला आणलं, ओसरीवर मांडलं. गाव बघायला लोटलं. चार दिवस मालक त्याचे खण उघडत-मिटत राहिले आणि पाचव्या दिवशी कपाट परत टेम्पोत चढलं. मी म्हटलं, यात वाईट काय आहे ते तरी कळू द्या, आणि रविवार होता म्हणून बरोबर गेले.

"समदे खण एका चालीचे," मालकांनी व्यापाऱ्याला सांगितलं. "डोळं मिटलं की कोनचा कोनता, कळत न्हाई."

"मग मालक, डोळे उघडे ठेवा की," व्यापारी म्हणाला. दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले. मालक तेवढे हसले नाहीत.

परत येताना आळेफाट्यावर चहाला थांबलो. मी मनातलं सगळं भडाभडा बोलून टाकलं. म्हटलं, लोक हसतात तुम्हाला, आणि तुमच्यापायी मला. इतकं देखणं कपाट परत करायला माणसाला वेड लागायला पाहिजे. मालकांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"बाई," ते म्हणाले, "हिला दिसायचं कमी झालंय."

मालकीणबाईंना मी मावशी म्हणायची. रोज बघत होते मी त्यांना, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"काचबिंदू म्हनत्यात त्याला. डॉक्टर म्हनला, गेली ती नजर माघारी यायची न्हाई, ऱ्हायलेली बी हळूहळू जानार. मागल्या महिन्यात हिनं फळीवरच्या माज्या गोळ्या सोताच्या म्हनून घेतल्या. चक्कर येऊन चुलीपाशी पडली. चूल इझलेली व्हती म्हनून निभावलं."

मी म्हटलं, मग साधं लोखंडी कपाट घ्या. मावशी वरून खाली कप्पे मोजतील.

"मोजनं सुकाच्या वेळंचं असतंय, बाई. दम लागल्यावर, घाबरल्यावर कोन मोजीत बसतंय? हाताला वळखीचं पायजे, कानाला वळखीचं पायजे. मी अंधारात गोठ्यात शिरलो तर मला कंदील लागत न्हाई. कोनचा बैल कुटं हुबा हाय ते त्याच्या फुसकारण्यावरनं कळतं. म्हनून मला परत्येक खणाची येगळी खोड पायजे. जल्मभर खोडीचं जनावर परत पाठवलं, आता खोडीचंच हुडकतोय."

मग रिकामी बशी बाजूला सारून म्हणाले, "मी हिच्यापरीस लई थोरला. आदी मीच जानार. मंग पोरगा हिला पुन्याला नेईल. पोरगा चांगला हाय, सून बी चांगली हाय, त्यात नाव ठेवायला जागा न्हाई. पर तितं हिला पान्याचा पेला बी मागून घ्यावा लागंल. हिनं जल्मात कुनाकडं काय मागितलं न्हाई. ही तितं झुरून मरंल. सोताच्या घरात, सोताच्या हातानं घेऊन खाईल असं करून मला जायचंय."

मला इतकं वाईट वाटलं की चहा तसाच गार झाला. त्यानंतर मात्र दर रविवारी मी स्वतःच पदर खोचून फटफटीवर बसायला लागले. कुणी हसलं तर मी असं बघायची की त्यानं दुसरीकडं तोंड करावं.

मावशी हे सगळं ओळखून होत्या, पण कबूल करतील तर शपथ. नजर जात चालली आहे हे झाकायची त्यांची तऱ्हा म्हणजे आधीच खेकसायचं. पाय घमेल्याला लागला की "कुनी मदीच ठेवलंय रं हे?" घमेलं त्यांनीच ठेवलेलं असायचं. भाकरी मात्र त्यांची कधी बिघडली नाही. तव्यावरच्या भाकरीवर बोट टिचकवायच्या आणि आवाजावरून उलटायच्या. नवऱ्याच्या कपाटाच्या नादाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "येडं हाय ते. बैलं संपली, आता लाकडाला पान्हवतंय." आणि संध्याकाळी फटफटीचा आवाज आला की आधी विचारायच्या, "गावलं का?"

गावलं ते आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळच्या अलीकडं एका वस्तीवर. ती माणसं मूळची पश्चिमेकडची, डोंगरातली. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा घराच्या तुळया, दारं आणि हे कपाट त्यांनी बैलगाडीतून वर काढलं होतं. नवं घर उभं राहीपर्यंत कपाट अख्खा पावसाळा प्लास्टिकच्या कागदाखाली उघड्यावर उभं. वर दोन लहान खण शेजारी शेजारी, खाली चार लांबलचक. सागवान, पण रंग उडालेला, एक पाय नवा जोडलेला.

घरधनी वयानं मालकांच्या जोडीचाच होता. गिऱ्हाईक येणार म्हणून त्यानं सकाळी बसून सगळ्या खणांच्या कडांना मेणबत्ती घासली होती. मालकांनी डोळे मिटले, पहिला खण ओढला. लोण्यासारखा आला. दुसरा तसाच. मालकांचं तोंड उतरलं. मग त्यांनी बोट खणाच्या कडेवरून फिरवून नाकाशी नेलं.

"बाजारात म्हातारा बैल आनताना शिंगाला तेल लावत्यात, तसं केलं व्हय, पावणं?"

घरधनी ओशाळला. त्याची बायको आतून म्हणाली, "म्या सांगत व्हते, नका घासू म्हनून."

"आता खरं सांगा. खोड काय हाय?"

घरधन्यानं खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. वरचा डावा करकरतो. खालचा पहिला अडतो, गुडघा लावल्याशिवाय येत नाही. मालकांनी हात जोडले, "आनखी सांगा." त्याच्या खालचा लंगडतो, एका बाजूनं आधी येतो. तिसरा उघडताना धापा टाकतो, पावसात फळी फुगली ना. घरधनी एकेक खोड सांगताना खचत होता आणि मालकांचा चेहरा फुलत होता. शेवटी त्यांनी त्याच्या हातावर उपरणं टाकलं. सौदा काय झाला मला दिसलं नाही, पण घरधनी चकित होऊन म्हणाला, "पावणं, तुमी एक बोट जास्ती दाबलं."

"बरुबर दाबलंय," मालक म्हणाले.

घरी आणून सोड्याच्या पाण्यानं मेण धुऊन काढलं आणि मालकांनी सहाही खणांची नावं ठेवली, बैलांची ठेवतात तशी. वरचे दोघे करकऱ्या आणि मुका. मग अडेल, लंगडा, दम्या, आणि तळाचा ढिल्या, जो ओढला की सगळाच हातात यायचा. करकऱ्यात मावशींची औषधं, मुक्यात किल्ल्या आणि पैसे, अडेलमध्ये लुगडी. रोज दुपारी मावशींना समोर उभं करून शिकवणी चालायची. मावशी डोळ्यांना पदर बांधून घ्यायच्या, तेव्हा अजून थोडं दिसत होतं. मालक ओसरीवरून विचारायचे, "आता कोनचा उगडलास?" आणि मावशींनी सांगायच्या आत स्वतःच ओरडायचे, "लंगडा." भिंतीआड बसून त्यांना खणाखणाचा आवाज कळायचा.

डोळे पुरते गेले तोवर मावशींचा हात बसला होता. बाहेरून आलेल्या माणसाला तासभर कळत नसे की या बाईला दिसत नाही. सुई मागा, सुई. माझ्या डोक्याला बाम त्यांनी कित्येकदा काढून दिला, आणि वर "तुमी शाळेची मानसं, तुमाला काय गावत न्हाई" असं ऐकवलं. मला वाटतं मालकांच्या आयुष्यातला हाच काळ खरा सुखाचा. मग माझी बदली महाळुंगे पडवळच्या शाळेत झाली. मी खोल्या सोडल्या. पण महिन्यातून एखादा रविवार बेल्ह्याला जायचा नेम ठेवला.

एका उन्हाळ्यात मालकांच्या छातीत दुखायला लागलं. मुलानं धावत येऊन दोघांना पुण्याला नेलं. मुलगा खरोखरच चांगला. कंपनीत नोकरी, चार जिन्यांवर फ्लॅट. दवाखाना, मग घरी विश्रांती, असे बरेच दिवस गेले. मी भेटायला गेले तेव्हा मालक पलंगावर होते आणि मावशी सोफ्यावर. सून कौतुकानं सगळं हातात आणून देत होती. मावशी हात मांडीवर ठेवून बसलेल्या, न खेकसता, न बोलता. मी जवळ गेले तर माझा हात चाचपून हळूच म्हणाल्या, "बाई, मला हितं मोरी गावत न्हाई." मालकांनी ते ऐकलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

त्या मुदतीत मुलानं एक गोष्ट केली. रजा काढून तो बेल्ह्याला गेला, पुण्याहून कारागीर नेला, आणि आईबापांनी जीव लावलेलं ते कपाट नवं करून घेतलं. तासलं, घासलं, पॉलिश केलं. फुगलेल्या फळ्या सरळ केल्या. सगळ्या खणांना लोखंडी चॅनेल आणि चाकं, सगळ्यांना एकसारख्या पितळी मुठी. आईला ओढायला जोर लागू नये म्हणून. कपाटाची गोष्ट त्याला कधी कुणी सांगितलीच नव्हती. मावशींची नजर गेली हे त्याला माहीत होतं, पण बापानं तालुका पालथा घालून खोडी गोळा केल्या हे कुठं माहीत होतं? पोराला कशाला घोर, म्हणून दोघं गप्प राहिले होते.

घरी आल्यावर मुलानं दोघांना कपाटासमोर उभं केलं. पुढचं मला मावशींनीच सांगितलं. मालकांनी हातानं एक खण ओढला. काही आवाज आला नाही. दुसरा ओढला. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई झाक केलंस, बाळा. नवं कोरं दिसतंय." मावशींनी मुठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुळगुळीत झालंय की रं." मुलगा खूश होऊन पुण्याला गेला.

पुढच्या रविवारी मी गेले तर मावशींच्या कपाळावर टेंगूळ. खण आपोआप बाहेर सरकला होता, त्यांना कळलंच नव्हतं, वाकल्या त्या त्याच्यावरच आपटल्या. आणि मालक जमिनीवर फतकल मारून हातात कानस घेऊन कपाट खरवडत बसलेले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांच्या हाताला कंप सुटला होता. कानस सारखी निसटत होती. त्या आरशासारख्या पॉलिशवर वेडेवाकडे ओरखडे उठले होते.

मी म्हटलं, मालक, उठा. सुतार बोलावते, तासाभराचं काम आहे.

"न्हाई. सुताराला सांगितलं की गावात हुनार, गावात झालं की पोराच्या कानावर जानार. त्यानं रजा काढून, सोता हुबं ऱ्हाऊन करून घेतलंय. त्याच्या हातनं आईचं आंधळेपन दुप्पट झालं हे त्याला कळलं तर त्यो जल्मभर सोताला खाईल. तुमी बी बोलायचं न्हाई, बाई. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. मदत करू का म्हटलं तर तेही नको. खोड कशी असावी हे त्यांच्याच मनात होतं. औषधांच्या खणाची मूठ उपटून त्यांनी तिथं बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तारेनं बांधलं. दुसऱ्याच्या मुठीला सुतळी गुंडाळली, घट्ट, गाठीगाठीची. तिसऱ्याचं एक चाक ठोकून मोडलं, तो खरखरायला लागला. एकेका खणाला त्यांना आठवडा आठवडा लागत होता. थोडं खरवडलं की धाप लागायची, मग भिंतीला टेकून बसायचे. एवढा ऐटबाज माणूस, त्याच्या धोतरावर लाकडाचा भुसा आणि हाताला चिंध्या बांधलेल्या. मला बघवत नव्हतं.

चौथ्या खणाला चामड्याची वादी ठोकत होते तेव्हा मुलगा न कळवता आला. रविवार होता, मी तिथंच होते. त्यानं दारातून कपाट बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"दादा, हे काय केलं तुम्ही?"

मालकांनी वर बघितलं. मला वाटलं आता सांगतील. ते म्हणाले, "मला न्हाई आवडलं तुजं पालिश."

"मग त्या दिवशी सांगायचं होतं ना. झाक केलंस म्हणालात. आणि मागं असं... तुम्हाला माझं कधीच काही आवडलं नाही."

मालक वादीत खिळा ठोकत राहिले. मावशी चुलीपाशी उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. मी शपथेनं बांधलेली. मुलगा जेवलाही नाही, तसाच माघारी गेला. तो गेल्यावर मालक ओसरीवर जाऊन बसले आणि उपरणं तोंडावर घेतलं. खूप वेळ त्यांनी ते काढलं नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षा दुःख जास्त झालं होतं. एक वाक्य बोलले असते तर पोरगा गळ्यात पडला असता. पण ते वाक्य म्हणजे पोराच्या माथी दगड, असा त्यांचा हिशेब.

त्यानंतर मुलाचे फोन यायचे ते आईला. दादांची चौकशी करायचा, पण दादांना द्या म्हणायचा नाही. मालक शेजारी बसून ऐकायचे. आणि पावसाळा सरता सरता एका सकाळी ते गेले. चहा घेऊन ओसरीवर बसले होते, बसल्या जागीच कलंडले. मुलगा पुण्याहून पोचला तेव्हा सगळं झालं होतं. बापलेकांचं बोलणं ते राहिलंच.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी थांबले होते. मुलगा आईची बॅग भरायला निघाला. मावशी म्हणाल्या, "मी येत न्हाई."

"आई, असं काय करतेस? एकटी कशी राहशील तू? बाई, तुम्ही तरी सांगा तिला. उद्या हिला बरं वाटेनासं झालं तर साधी गोळी तरी सापडेल का?"

मावशी उठल्या. सरळ कपाटाशी गेल्या, घुंगरू वाजलं, आणि त्यांनी गोळ्यांची पाकिटं काढून त्याच्यापुढं धरली. "ही सकाळची, ही रातची. आनखी काय पायजे, माग."

"किल्ल्या?"

बोटांनी सुतळीची गाठ चाचपली, किल्ल्यांचा जुडगा निघाला. त्यानं लुगडं मागितलं, खरखरता खण उघडून त्यांनी लुगडं दिलं. त्यानं सुईदोरा मागितला, हात वादीवर गेला. आता तो मागत होता ते खात्री करायला नव्हे. तो आईची बोटं बघत होता, कुठं जाऊन थांबतात, काय धरतात. त्या ओरखड्यांकडं, मोडलेल्या चाकाकडं, उपटलेल्या मुठीच्या भोकाकडं बघत होता. मला शपथ मोडायची गरज राहिली नव्हती.

मग तो अगदी हळू म्हणाला, "आई, दादांचा एखादा सदरा दे. मला ठेवायचाय."

मावशींचा हात थांबला. "खालचे दोन तूच उगड, बाबा," त्या म्हणाल्या. "त्यांची कापडं तितं हायती. माजे चार त्यांनी आदी उरकले. सोताचे दोन मागनं करतो म्हनाले व्हते, ते ऱ्हायले."

मुलगा गुडघ्यांवर बसला. त्यानं मुठीला बोट लावलं. खण तेवढ्यानं, जरासुद्धा आवाज न करता, पुरा बाहेर आला. आत घडी घातलेले सदरे होते. तो दोन्ही हात खणाच्या कडेवर ठेवून तसाच बसून राहिला.

मावशी त्याच्या मागं कान देऊन उभ्या होत्या. थोडा वेळ वाट बघून त्यांनी विचारलं, "उगडलास का रं?"